सिद्धांताच्या पेपरला गैरहजर

एम. ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडं चार पेपर असायचे. त्यातले तीन पेपर मुलं कसेबसे काढायची. ग्रामीण समाज, स्त्रियांचे प्रश्न, भारतीय समाजरचना हे विषय रोजच्या बघण्यातले, त्यामुळं काही नाही आलं तरी चार पानं भरता येतात. चौथा पेपर समाजशास्त्रीय सिद्धांतांचा. धाराशिवच्या एका महाविद्यालयात तो मी सव्वीस वर्षं शिकवला. सगळ्यांत जास्त मुलं ज्या पेपरात नापास होतात, तो शिकवणारी बाई म्हणून अर्धा जिल्हा मला ओळखतो. बसस्टँडवर एखादा पोलीस शिपाई हात जोडून पुढं येतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमच्यात माझा राहिला होता बघा." राहिला म्हणजे पेपर. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेतसुद्धा मला एकानं हे ऐकवलं आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. माणसाला वाटतं तेवढा तो स्वतःच्या मनानं वागत नसतो. कुणाशी लग्न करायचं, कुणाच्या मरणाला किती रडायचं, कुणासमोर मान खाली घालायची, यातलं बरंचसं आपण जन्मण्याआधी ठरलेलं असतं. ते कोण ठरवतं आणि माणसाकडून कसं करून घेतं, याचा विचार युरोपातल्या काही माणसांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी केला. त्यांचे ग्रंथ या पेपराला असतात. बहुतेकांना दाढ्या. मुलांना त्यांची नावं उच्चारता येत नसत, म्हणून वर्गात फ्रेंच बाबा, जर्मन बाबा आणि मोठी दाढी असा हिशेब चालायचा. एकानं तर परीक्षेत 'मोठी दाढी यांच्या मते' असं लिहिलं होतं. मुद्दा बरोबर होता. मी गुण दिले.

मुलं समाजशास्त्र घ्यायची ती सोपं म्हणून. कुणी पोलीस भरतीची तयारी करत असे, कुणी स्पर्धा परीक्षेची. मुली बऱ्याचदा लग्न ठरेपर्यंत येत. ग्रंथ कुणी उघडत नसे. बाजारात प्रश्नोत्तरांचं एक गाइड मिळायचं, त्यातलं मराठी असं: 'सामाजिक तथ्य हे व्यक्तिबाह्य व बंधनकारक असते.' हे वाक्य मुलं रस्त्यानं चालत पाठ करायची आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडं बघत बसायची.

एकदा येरमाळ्याच्या बालाजीला मी उभं केलं. त्याच्या वडलांचं हायवेला चहाचं हॉटेल. म्हटलं, "बंधनकारक म्हणजे काय, तुझ्या हॉटेलातलं सांग." तो म्हणाला, "मॅडम, आमचे वडील येईल त्या गिऱ्हाइकाला 'बसा पाव्हणं' म्हणतात. मीही म्हणतो. कुणी शिकवलं न्हाय. एक दिवस मुद्दाम कुणालाच म्हणलो न्हाय. तर तिसराच माणूस म्हणला, काय रं, घरात काय झालंय का?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण गाइडची आठ पानं या पोरानं चार वाक्यांत सांगितली होती. त्या दिवसापासून मी नियम केला: दर संकल्पनेला एक उदाहरण आपल्या गावचं, आपल्या घरचं द्यायचं. पुस्तकातलं चालणार नाही. या नियमाचा मला पुढं फार अभिमान झाला. चर्चासत्रांतून मी तो सांगत फिरले. आता वाटतं, घरचं उदाहरण मागताना घरात काय काय असतं, याचा विचार मी समाजशास्त्राची बाई असून केला नव्हता.

शीतल त्या नियमानंतर बऱ्याच वर्षांनी आली. हे तिचं खरं नाव नाही. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला विचारलं, तेव्हा बदललेलं नाव तिनंच सुचवलं आणि गाव लिहू नका म्हणाली. बेंबळीच्या पुढं आत कुठंतरी, एवढंच सांगते. सकाळच्या एसटीनं ती यायची, दुसऱ्या बाकावर भिंतीकडं बसायची. बोलायची नाही. पण तिच्या वहीत माझी वाक्यं जशीच्या तशी नसायची. ती समासात प्रश्न लिहायची. वह्या तपासताना मी आधी तिची वही शोधायला लागले होते.

त्या महिन्यात फ्रेंच बाबांचा आत्महत्येवरचा सिद्धांत चालू होता. आत्महत्या ही एकट्या माणसाची गोष्ट वाटते, पण तिच्यामागं समाज असतो, हे त्यांनी आकड्यांवरून दाखवलं. देशोदेशींच्या सरकारी नोंदी घेतल्या, लग्न झालेले आणि न झालेले, या धर्माचे आणि त्या धर्माचे असे ताडून पाहिले. मी फळ्यावर तक्ता काढत होते. मागून आवाज आला.

"मॅडम, हे आकडे कुणी लिहून दिले?"

वळून बघितलं तर शीतल उभी होती.

"सरकारी नोंदी असतात. पोलीस, दवाखाना."

"त्यांना कोण सांगतं?"

"घरचे सांगतात."

"आणि घरच्यांनी पाय घसरला म्हणून सांगितलं तर? मग ती बाई कुठल्या रकान्यात मोजायची?"

हा आक्षेप पुढच्या काळात मोठमोठ्या अभ्यासकांनी घेतलेला आहे, आणि त्याला जाडजूड उत्तरं आहेत. मी त्यातलं काही सांगितलं नाही. मी विचारलं, "तुला यावर लिहायचंय का?" ती म्हणाली, "लिहिते."

तास संपल्यावर ती थांबली. गाइडमध्ये आत्महत्येचा चौथा प्रकार दोन ओळींत उरकलेला होता, त्याबद्दल तिला विचारायचं होतं. मी सांगितलं की मूळ ग्रंथातही तो तळटीपेतच आहे. बंधनं अती झाली, पुढची वाटच बंद झाली की माणूस जीव देतो, असा तो प्रकार. मूल नसलेल्या विवाहित बायकांचा उल्लेख त्यात आहे. पण याचं आजच्या काळात महत्त्व नाही, असं म्हणून लेखकानं तो पानाच्या तळाशी टाकला.

"तळाशी म्हणजे बारीक अक्षरात?" तिनं विचारलं.

"हो."

"आमची ताई तिथं आहे," ती म्हणाली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

आठ दिवसांनी तिनं लेखन आणून दिलं. फुलस्केपची अकरा पानं. तिची थोरली बहीण, तिला इथं कोमल म्हणू, लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं. सासरी त्रास होता. ती चार दिवसांसाठी माहेरी आली आणि पाचव्या दिवशी विहिरीत सापडली. पंचनाम्यात पाय घसरून अपघात. शीतलनं रडगाणं लिहिलं नव्हतं. तिनं सिद्धांताचा एकेक मुद्दा घेतला होता आणि बहिणीच्या शेवटच्या पाच दिवसांना लावून पाहिला होता. त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत. 'कुटुंबाशी घट्ट बांधलेला माणूस सुरक्षित असतो, असे लेखक म्हणतो. ताईने आबांना विचारले, मी इथेच राहू का? आबा म्हणाले, तुझे घर तिकडे आहे. तिकडचे म्हणायचे, तुझ्या घरी जा. ताईला बंधने दोन घरांची होती आणि घर एकही नव्हते.' आणि शेवटाकडं: 'जिथे मुली घसरून पडतात, तिथे सरकारी आकडा कमीच दिसणार.'

सव्वीस वर्षांत असं दुसरं लेखन माझ्या हातात पडलं नाही. मी खाली तांबड्या शाईनं 'उत्कृष्ट' लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शीतल आली नव्हती. मी ती पानं वर्गात नेली आणि त्यातली तीन वाचून दाखवली. नाव घेतलं नाही. सिद्धांत कसा वापरायचा याचा नमुना म्हणून वाचते आहे, असं म्हणाले. खरं कारण तेवढंच नव्हतं. माझ्या शिकवण्यातून हे उगवलं, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

प्रश्न कुणी विचारला होता हे वर्गाला माहीत होतं. शेजारच्या गावची एक मुलगी वर्गात होती. तिनं घरी कौतुकानं सांगितलं की शीतलनं बहिणीवर लई भारी लिहिलंय, मॅडमनी वाचून दाखवलं. आठवडा संपायच्या आत शीतलच्या गावात दूध डेअरीवर त्याची चर्चा होती.

सोमवारी तिचे वडील, म्हणजे आबा, आणि चुलते आले. स्टाफरूमच्या दारात चपला काढून आत आले. मी भांडणाच्या तयारीत होते, पण वडलांचा आवाज चढला नाही. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"मॅडम, आमची थोरली पाय घसरून गेली," ते म्हणाले. "पोलिसानं लिहून नेलं. पंचांनी सह्या केल्या. तिच्या सासरच्यांनी मान्य केलं, आमी केलं. आता तुमी वर्गात येगळंच वाचलं म्हणं."

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"खेड्यात नाव घ्यायला लागतंय व्हय?"

चुलते म्हणाले, "शीतलची सोयरीक चालली व्हती. काल त्यांचा निरोप आलाय, सध्या थांबू म्हणून. त्यांचं काय चुकलं? एक पोरगी अशी गेली म्हणल्यावर दुसरी कोण करून घेईल?"

मी शिकवल्यासारखं काहीतरी बोलले. लपवल्यानं दुःख कमी होत नाही, असं काहीसं. वडलांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असंल. तुमी शिकलेल्या. पर तो कागद आमच्या घरचा हाय. तो द्या."

तोवर प्राचार्य येऊन उभे राहिले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "देऊन टाका मॅडम. वाद वाढवू नका. उद्या पेपरात येईल."

मी कपाट उघडलं आणि ती अकरा पानं वडलांच्या हातात दिली. लिहिणारीला न विचारता मी ती वर्गात वाचली होती, आणि लिहिणारीला न विचारताच देऊनही टाकली. त्यांनी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. जाताना मला नमस्कार केला.

शीतल त्यानंतर तासाला आली नाही. फोन बंद लागायचा. मैत्रिणींकडून निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. ती दिसली ती थेट परीक्षेला. पहिल्या पेपरच्या दिवशी चुलते तिला मोटारसायकलवर घेऊन आले आणि लिंबाखाली गाडी लावून बसून राहिले. मी तिला पाण्याच्या नळाजवळ गाठलं.

"मॅडम, तुमचा पेपर सोडून बाकीचे देऊ देणार आहेत," ती म्हणाली.

"माझा का नाही?"

"आबा म्हणाले, त्याच पेपरानं घात केला. ते पुस्तक घरात नको."

"मी बोलू का आबांशी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. थकल्यासारखं. "तुम्ही बोलला होता की एकदा," ती म्हणाली आणि ओढणी सारखी करून हॉलमध्ये गेली.

सिद्धांताच्या पेपरला मी व्हरांड्यात उभी होते. आपल्याच विषयाला आपल्याला सुपरव्हिजन देत नाहीत, पण जवळपास थांबायला कुणी अडवत नाही. अर्धा तास उलटला की उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. तो अर्धा तास मी फाटकाकडं बघत होते. मग आतल्या सरांनी तिच्या नंबरापुढं तांबडी रेघ मारली.

प्रश्नपत्रिकेत आत्महत्येच्या सिद्धांतावर मोठा प्रश्न होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सोलापूरच्या बाजूला. एम. ए.चे बाकी सगळे पेपर निघाले, दुसऱ्या वर्षाचेसुद्धा, ते तिनं बाहेरून दिले. सिद्धांताचा तेवढा राहिला. मी ओळखीतून दोनदा फॉर्म पाठवला. तो भरून आला नाही. नंतर अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला, जुन्या पॅटर्नच्या मुलांना दिलेली मुदत संपली, आणि तिची पदवी एका पेपरासाठी कायमची अपुरी राहिली.

मी काय केलं हेही सांगितलं पाहिजे. मी घरचं उदाहरण मागणं बंद केलं. बंद करते असं जाहीर केलं नाही, पुढच्या जूनपासून विचारलंच नाही. फळ्यावर व्याख्या लिहायची, वैशिष्ट्यं सांगायची, गाइडमधलेच मुद्दे क्रमानं द्यायचे. मुलं खूष झाली. निकाल वाढला. एका वर्षी सिद्धांताच्या पेपरात कुणीच नापास झालं नाही, तेव्हा प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं अभिनंदन केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समासात प्रश्न लिहिलेली वही त्यानंतर मला दिसली नाही. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं मी अशी काढली. निरोपसमारंभात एका सहकाऱ्यानं 'अवघड विषय सोपा करणाऱ्या मॅडम' असं भाषण केलं. मला मान वर करता येईना.

गेल्या हिवाळ्यात दुपारी एक बाई घरी आल्या. नऊवारी, पायात रबरी चपला, हातात डाळीची पिशवी. त्यांना मी ओळखलं नाही.

"म्या शीतलची आई," त्या म्हणाल्या. "पत्ता कालेजात इचारला."

आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं की शीतलच्या वडलांना जाऊन वर्ष झालं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, त्या कागदात काय लिवलं व्हतं?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मला वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्येंनी आणलं त्या दिवशी गोठ्यात बसून वाचलं. लई येळ वाचलं. मंग चुलीत घातलं आन तसंच रानात गेले. मला काय सांगितलं न्हाय. पुना कधी त्याचं नाव काढलं न्हाय, मरूस्तोर. शीतलीला इचारावं तर ती घरचा फोन उचलत न्हाय. सणाला येती, जेवती, जाती."

मी आठवेल तेवढं सांगितलं. चार दिवसांचं, पाचव्या दिवसाचं, दोन घरांचं. सिद्धांताचा भाग गाळला. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "व्हय, अशीच म्हणली व्हती ती, हितंच राहू का म्हणून." कोमलनं जीव दिला, हे माझ्यासमोर त्यांनी एकदाही शब्दांत म्हटलं नाही. पण घसरली असंही म्हणाल्या नाहीत.

मग विचारलं, "आन माझं काय लिवलं व्हतं?"

त्यात लिहिलं होतं: 'आई चुलीपुढे होती. ती काहीही बोलली नाही.' मला ते स्पष्ट आठवत होतं. वर्गात मी ते वाचलंही होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून आता ते म्हणवेना.

"तुमचं काही लिहिलं नव्हतं," मी म्हणाले.

"मंग अर्धंच लिवलं तिनं," त्या म्हणाल्या. "आबा नको म्हणले, ती उठून आत आली माझ्याकडं. म्हणली, आई तू सांग की. म्या काय बोलले न्हाय. म्या तिची पिशवी भरली. सकाळच्या गाडीनं जायचं म्हणून लुगडी घातली, शेंगादाण्याची चटणी बांधून दिली. ती बघत व्हती माझ्याकडं, म्या पिशवी भरत व्हते. शीतली तवर शाळंला निघून गेली व्हती. तिला ठावं न्हाय."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. त्या म्हणाल्या, "हे तिला सांगायचंय. तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

मी म्हणाले, "हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

शीतलचा नवा नंबर त्यांच्याकडं चिठ्ठीवर लिहिलेला होता. माझ्या फोनवरून लावला. दोन-तीन वेळा वाजल्यावर तिनं उचलला. मी नाव सांगितलं. मग ती म्हणाली, "बोला मॅडम." आवाज मोठ्या बाईचा झाला होता. मी म्हणाले, "शीतल, आई माझ्याकडं बसल्यात. त्यांना तुझ्याशी बोलायचंय. देऊ का?"

पलीकडं तिनं कुठलंसं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "द्या."

मी फोन आईच्या हातात दिला, कानाशी कसा धरायचा ते दाखवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. चहाचं आधण ठेवलं. नळ सोडून भांडी घासायला घेतली, स्वच्छ होती तीसुद्धा, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये.

बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा फोन टीपॉयवर पालथा होता आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. मी चहा पुढं ठेवला. त्यांनी तो घेतला. बेंबळीची गाडी किती वाजता लागते ते विचारलं. रिक्षापर्यंत मी त्यांच्यासोबत गेले.

शीतल काय म्हणाली, ते मी विचारलं नाही. आईला नाही आणि नंतर तिलाही नाही. त्यामुळं ते मला इथं लिहिता येत नाही.